हिग्ज कुणाच्या कामी येईल?

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तरुण संशोधक आदल्या रात्रीपासून दाराशी मुक्काम ठोकून होते. सीएमएस प्रयोगाच्या वतीने जो इन्कांडेला आणि अ‍ॅटलास प्रयोगाच्या वतीने फाबिओला जानोत्ती यांनी आपापले आलेख पडद्यावर दाखवले. दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे काम केलं होतं, आणि दोन्ही आलेखांत १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणाचं वस्तुमान मोजायचं हे एकक) आसपास तोच उंचवटा होता. १९६४ साली कागदावर मांडलेला कण, हिग्ज बोसॉन, सापडला होता. तो मांडणाऱ्यांपैकी एक, ८३ वर्षांचे पीटर हिग्ज, चष्मा काढून डोळे पुसत होते, आणि ते दृश्य मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं आहे.

त्या दिवसापासून आजतागायत एक प्रश्न पिच्छा सोडत नाही: याचा उपयोग काय? विज्ञानप्रेमी मंडळींना हा प्रश्न जरा हलका वाटतो. मला तसं वाटत नाही. लोकांच्या करातून सर्नचा प्रोटॉनच्या टकरी घडवणारा २७ किलोमीटरचा बोगदा चालतो, तर लोकांनी विचारायलाच हवं. मला खटकतं ते त्याचं ठरलेलं उत्तर. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा त्याचा उपयोग कुणाला ठाऊक होता, आणि आज बघा, सगळं जग त्यावर चालतंय. तसंच हिग्जचंही होईल, असं ते उत्तर. हे पटण्यासारखं नाही. इलेक्ट्रॉन टिकाऊ आहे, सगळीकडे आहे, तारेतून वाहतो, काचेच्या नळीत वळवता येतो. हिग्जमध्ये यातलं काहीच नाही. एक कण उपयोगी पडला म्हणून दुसरा पडेलच असं नसतं. कुठला कण कशासाठी कामी येईल हे त्या कणाच्या स्वभावावर ठरतं, आणि म्हणून आधी हिग्जचा स्वभाव पाहायला हवा.

हा कण प्रोटॉनच्या साधारण १३३ पट जड आहे. निसर्गात तो पडून नसतो, घडवावा लागतो, आणि तोही सहजी घडत नाही: प्रोटॉनच्या अब्जावधी टकरी घडवाव्यात तेव्हा कुठे एखादा हिग्ज जन्मतो. जन्मला की सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आधी फुटून जातो. डिटेक्टरमध्ये खुद्द हिग्ज कधी दिसतच नाही, दिसतात ती त्याची लेकरं, म्हणजे फोटॉनची (प्रकाशकणांची) जोडी किंवा चार लेप्टॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याचे भाईबंद). असा कण बाटलीत भरता येणार नाही, झोतात सोडता येणार नाही, कुठे पाठवता येणार नाही.

राहता राहिलं हिग्जचं क्षेत्र, जे सगळ्या अवकाशात भरून आहे आणि ज्याच्यामुळे इलेक्ट्रॉन, क्वार्क यांना वस्तुमान मिळतं. त्यावरून बऱ्याच कल्पना लढवल्या गेल्या. हे क्षेत्र ‘बंद’ करता आलं तर वस्तू बिनवजनी होतील, अवकाशयानं प्रकाशाच्या वेगाने जातील, वगैरे. स्वप्न सुंदर आहे, पण त्याला दोन ठिकाणी तडा आहे. तुमच्या-माझ्या शरीराचं जवळजवळ सगळं वजन प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यात आहे, आणि त्यांच्या वस्तुमानातला हिग्जचा वाटा जेमतेम एका टक्क्याचा. बाकीचं येतं ते आतल्या क्वार्क आणि ग्लुऑन यांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेतून. शिवाय हिग्जमुळे मिळणारं इलेक्ट्रॉनचं वस्तुमान काढून घेतलं, तर अणू फुगत जाईल आणि शेवटी अणू म्हणून उरणारच नाही. म्हणजे यान हलकं होण्याआधी यानातला माणूसच विरून जाईल. माझ्या अंदाजाने हिग्ज बोसॉनचा थेट, हातात धरण्याजोगा उपयोग आपल्या हयातीत तर नाहीच, कदाचित कधीही होणार नाही. हे सांगायला भौतिकशास्त्रज्ञांनी अवघडून जायचं काहीच कारण नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि त्यासाठी मागे १९३२ सालात जावं लागतं.

त्या एकाच वर्षात दोन कण सापडले. फेब्रुवारीत केंब्रिजला जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन, आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे अणुकेंद्रक त्याला ढकलून देत नाही. तो सरळ आत शिरतो. हाच त्याचा स्वभाव, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं. १९३८ च्या अखेरीस युरेनियमचं विखंडन सापडलं आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा. शोधापासून संहारापर्यंत साडेतेरा वर्षं. आणि त्याच न्यूट्रॉनने अणुभट्टीत साध्या कोबाल्टचं कोबाल्ट-६० केलं, ज्याच्या किरणांवर जगभरातल्या कॅन्सर रुग्णालयांनी काही दशकं काढली. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘भाभाट्रॉन’ हे यंत्रही कोबाल्टवरच चालतं. उपयोग कुठला व्हावा हे कण ठरवत नाही, हे न्यूट्रॉनइतकं कुणी शिकवलेलं नाही.

पॉझिट्रॉनची वाट मात्र लांबची होती. पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून असा कण असायला हवा हे आधी निघालं होतं: इलेक्ट्रॉनसारखाच, पण भार उलटा. अँडरसन यांच्या मेघकक्षातल्या, म्हणजे कणाची वाट धुक्याच्या रेघेत दाखवणाऱ्या पेटीतल्या, छायाचित्रात शिशाच्या पट्टीतून पार जाऊन भलतीकडे वळलेली एक बारीक रेघ दिसली, ती त्याची. या कणाचा स्वभाव असा की तो आपल्या जगात टिकत नाही. जवळचा इलेक्ट्रॉन गाठतो, दोघेही नाहीसे होतात, आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन फोटॉन बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. १९३२ साली कुणी म्हणालं असतं की हा कण इतका अल्पजीवी आहे, याचा काय उपयोग, तर ते अगदी रास्त वाटलं असतं. आणि उपयोग झाला तो नेमका त्याच्या नाहीसं होण्याचाच.

मी हे पहिल्यांदा वाचलं कॉलेजात, पण कळलं आत्याच्या आजारपणात. तिला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. केमो संपल्यावर सीटी स्कॅन केला तर छातीत गाठ उरलेली दिसत होती, आधीपेक्षा लहान, पण होती. ती जिवंत गाठ आहे की नुसता व्रण, हे सीटीवरून सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहून दिला आणि आम्ही कराडहून मुंबईला आलो.

उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. आधी बोटाला टोचून साखर तपासली, कारण ती फार वाढलेली असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. मग शिशाच्या जाड आवरणातली सिरिंज आली. इतकुसं औषध आणि एवढं जाड चिलखत, म्हणून आत्या त्याच्याकडेच बघत राहिली. इंजेक्शन देऊन झाल्यावर टेक्निशियन म्हणाला, “आजी, आता तासभर नुसतं पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाइल नाही. पाणी प्या.” मला बाहेर बसवलं. आत्या जाता जाता म्हणाली, “अगं, बोलल्याने काय बिघडतं गं?” तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. ते साधं आहे. इंजेक्शनमध्ये साखर असते, किंचित बदललेली, आणि तिला फ्लोरिन-१८ चा अणू जोडलेला. ज्या पेशी जास्त साखर खातात तिथे ती जाते आणि अडकून बसते. बोलत राहिलं, चघळत राहिलं, तर घशाचे आणि जबड्याचे स्नायूच ती खाऊन टाकतात आणि चित्रात भलतीकडे डाग दिसतात. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात. तिथे जमलेला फ्लोरिन-१८ पॉझिट्रॉन सोडतो, पॉझिट्रॉन जेमतेम मिलिमीटरभर जातो, त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, आणि दोन फोटॉन शरीराबाहेर पडून स्कॅनरच्या कड्यावर समोरासमोर जवळजवळ एकाच क्षणी आदळतात. असे लाखो जोड टिपले की त्यांच्या रेषांवरून आतली जागा सापडते.

आत्याच्या चित्रात मेंदू, हृदय, मूत्राशय काळेभोर होते, ते बहुतेकांचे असतात. छातीतली गाठ मात्र फिकट होती. थंड, असं डॉक्टर म्हणाले. व्रण होता तो. पुढची किरणं टळली.

पॉझिट्रॉनचं मुंबईशी नातं त्याच्याही आधीचं आहे. १९३५ साली केंब्रिजला असताना होमी भाभांनी पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतील याचं गणित केलं. ते आजही भाभा स्कॅटरिंग या नावाने ओळखलं जातं. पुढे सर्नच्या याच बोगद्यात हिग्जच्या यंत्राआधी एलईपी नावाचं यंत्र होतं, त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरी होत, आणि त्या किती होताहेत हे मोजायला भाभांचं गणित वापरत. त्याच भाभांच्या नावाच्या केंद्राने परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवून वेग देणारं यंत्र, बसवला, २००२ साली. फ्लोरिन-१८ त्यातच बनतो, आणि पेट स्कॅन आपल्याकडे सुरू झाला तो तिथे. पासाडेनाला दिसलेल्या कणाला परळला पोचायला ७० वर्षं लागली. मधल्या काळात कृत्रिम किरणोत्सार सापडावा लागला, सायक्लोट्रॉन बनावे लागले, स्फटिकांचे डिटेक्टर लागले, संगणक लागले, आणि १९७६ साली अमेरिकेत ती फ्लोरिनवाली साखर पहिल्यांदा माणसाला दिली गेली.

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. पहाटे सायक्लोट्रॉनमध्ये बनवलेला माल दोन तासांत निम्मा होतो, चार तासांत पाव. त्यामुळे पेट स्कॅनर नुसता विकत घेऊन भागत नाही, सायक्लोट्रॉन काही तासांच्या वाटेवर असावा लागतो. अणूच्या एका गुणधर्मावर रुग्णाला किती दूर जावं लागणार हे ठरतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारी कुटुंबं विदर्भ-मराठवाड्यातून का येतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची, हकिकत मात्र निराळी. तो १९३६ साली वैश्विक किरणांत सापडला तेव्हा कुणाच्याच सिद्धांतात बसत नव्हता. “हे कुणी मागवलं?” असं इसिडोर राबी म्हणाले होते, असं सांगतात. या कणाला जगायला मिळतात दोन मायक्रोसेकंद, पण तो दगडातून, काँक्रीटमधून आरपार जातो, आणि आकाशातून फुकट मिळतो. तुमच्या तळहातातून या क्षणीही साधारण सेकंदाला एक या हिशेबाने म्युऑन चालले आहेत. इजिप्तच्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये किमान ३० मीटर लांबीची पोकळी आहे हे २०१७ साली कळलं ते म्युऑन मोजून, एकही दगड न हलवता. फुकुशिमाच्या भट्टीत माणूस जाऊ शकत नव्हता, तेव्हा आतलं इंधन वितळून गेलंय हे म्युऑननीच दाखवलं. आणि उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वैश्विक किरणांवरचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे, तिथे १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्युऑनची संख्या एकाएकी घटली. ती का घटली याचा माग काढत गेल्यावर त्या ढगातला विद्युतदाब निघाला १.३ अब्ज व्होल्ट. ढगात एवढा दाब असेल अशी अटकळ फार जुनी, पण तो मोजला गेला तो असा. निबंध २०१९ साली आला. मला यातला सर्वांत आवडता भाग हा की उटीच्या मंडळींना ढग मोजायचाच नव्हता.

मग हिग्जचं काय? त्याच्या स्वभावातून थेट काही निघत नसेल, तर त्याला शोधायला जी हत्यारं घडवली त्यांच्याकडे पाहायला हवं. इथे मला रॉबर्ट विल्सन हा माणूस नेहमी आठवतो. हे पेशाने त्वरकांचे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरचे बांधकाम करणारे. १९४६ साली त्यांच्या लक्षात आलं की प्रोटॉनचा झोत शरीरात सोडला तर तो वाटेत थोडी थोडी ऊर्जा टाकत जातो आणि सर्वांत जास्त शेवटी, थांबण्याच्या जागी टाकतो. मुक्कामाची एसटी शेवटच्या गावी सगळी रिकामी होते, तसं. एक्स-रे गाठीच्या पलीकडेही जातो, प्रोटॉन जात नाही. मग शरीरात खोलवर असलेल्या गाठी याने जाळाव्यात, असं त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. १९५४ साली बर्कलीला पहिला रुग्ण झाला. २०२३ साली खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले.

विल्सन पुढे शिकागोजवळच्या फर्मिलॅबचे पहिले संचालक झाले. त्यांच्या काळात अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या तारेच्या, चुंबकांचं मोठं यंत्र बांधायला घेतलं, आणि त्यासाठी नायोबियम-टायटॅनियमची तार टनांनी लागली. ती तार मोठ्या प्रमाणावर बनवायला कारखाने शिकले, आणि तीच पुढे एमआरआयच्या चुंबकात गुंडाळली गेली. आज सांगली-लातूरला एमआरआय होतो त्यामागे हाही एक धागा आहे. १९६९ साली सिनेटर पास्टोर यांनी विल्सनना विचारलं होतं की तुमचं यंत्र देशाच्या संरक्षणाला काय कामाचं. संरक्षणाशी त्याचा थेट संबंध नाही, पण देश राखण्याजोगा व्हायला त्याची मदत होते, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. ते उत्तर सगळे उद्‌धृत करतात. मला त्याच्या २३ वर्षं आधीचा तो वैद्यकीय निबंध जास्त मोलाचा वाटतो.

अतिवाहकतेचं हिग्जशी नातं तर फारच जवळचं. अतिवाहकाच्या आत फोटॉन असा वागतो जणू त्याला वस्तुमान आहे, आणि म्हणूनच चुंबकीय क्षेत्र आत शिरू शकत नाही. फिलिप अँडरसन यांनी १९६३ साली याकडे बोट दाखवलं आणि पुढच्या वर्षी हिग्ज, तसंच फ्रान्स्वा आँग्लेर आणि रॉबर्ट ब्राउट यांनी तीच कल्पना मूलकणांना लावली. म्हणजे एका धातूच्या तुकड्यात पाहिलेल्या गोष्टीवरून अवकाशाबद्दलचा तर्क निघाला, आणि तो तपासायला उणे २७१ अंशांवर ठेवलेले १,२३२ अतिवाहक चुंबक लागले. त्या चुंबकांना खालून आधार देणारे, केसाएवढ्या अंतरानेही सरकवता येणारे हजारो जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली भारतातून गेले. सीएमएसच्या एका भागाची प्रकाशपटलं, म्हणजे कण आरपार गेला की चमकणारे तक्ते, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवली. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

आता सर्नमध्ये हिग्ज जास्त संख्येने बनवायची तयारी चालली आहे. नव्या चुंबकांत नायोबियम-टिनची तार आहे, आणि त्याच्याही पुढच्या, ९१ किलोमीटरच्या यंत्राचा अभ्यास २०२५ साली पूर्ण झाला; ते बांधायचं की नाही हे ठरायचं आहे. त्यासाठी उच्च तापमानाच्या अतिवाहकांचा विचार होतो, आणि तसे चुंबक स्वस्त झाले तर फ्युजनच्या, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणाऱ्या, भट्ट्यांना हवेच आहेत. हिग्जचा बारकाईने अभ्यास करण्यासाठी सुचवलेलं क्लिक नावाचं सरळ रेषेतलं यंत्र अजून कागदावरच आहे, पण त्याच्या त्वरकाचं तंत्र घेऊन लोझानचं विद्यापीठ रुग्णालय आणि सर्न फ्लॅश उपचारांचं यंत्र घडवत आहेत. यात किरणांची सगळी मात्रा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात देतात, आणि आसपासच्या निरोगी पेशींना त्याची इजा कमी होते असं प्रयोगांत दिसलं आहे. हे खरं ठरलं तर रुग्णाला रोज खेपा घालायला लागणार नाहीत. मला विचाराल तर हिग्जच्या शोधातून सर्वांत आधी सामान्य माणसापर्यंत पोचेल ते हेच.

पोचेल, पण आपोआप नाही. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना आपले कागद एकमेकांना दाखवता यावेत म्हणून. ती जगाची झाली ती ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती कुणालाही फुकट वापरू द्यायचं ठरवलं म्हणून. पेटंट घेऊन बसले असते तर आज तुम्ही हा लेख बहुधा वाचत नसता. प्रोटॉन उपचारांना असं भाग्य लाभलं नाही. विल्सन यांच्या निबंधापासून खारघरपर्यंत ७७ वर्षं गेली, आणि त्यातला बराचसा काळ ज्ञान नव्हतं म्हणून नव्हे, यंत्र परवडत नव्हतं म्हणून गेला.

परवडण्याजोगं यंत्र आपल्याकडे बनू शकतं, हे झालेलं आहे. पवईच्या समीर या सरकारी संस्थेने किरणोपचारांचा लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनचा सरळ त्वरक, इथेच तयार केला आणि तो सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसवला गेला. क्लिकचं तंत्र हे त्याच जातीचं आहे: तांब्याच्या पोकळ्या, सूक्ष्मलहरींचे झटके, इलेक्ट्रॉनचा झोत. सर्नच्या पुढच्या यंत्रासाठी भारत पैसे देईल, माणसं देईल, जॅक आणि पटलंही देईल. त्या बदल्यात या पोकळ्या घडवायचं कसब समीरला आणि इंदूरला मिळालं पाहिजे, तेही करारात लिहून. नंदुरबारला आणि गडचिरोलीला लिनॅक बसायचे असतील तर ते इथे, डझनांनी बनायला लागतील.